वाहून गेलेली माती कुठे भेटते?

"आमच्या रानातली माती दरवर्षी वाहून जाते, ती जाते तरी कुठे?" बालाघाटाच्या उतारावर, पाटोदा-आष्टीकडच्या कोणत्याही गावात हा प्रश्न ऐकू येतो. एका जोरदार पावसात बांध फुटतो, ओघळ पडतो, वरची काळी निघून जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. बीड शहरातून जाणाऱ्या बिंदुसरेचं पाणी त्या दिवशी पाण्यासारखं दिसतच नाही. ते अर्धं पाणी असतं आणि अर्धं शेत.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला समुद्राकाठी जावं लागतं आणि चिखलात एक नळी खुपसावी लागते. बीड जिल्ह्याला किनारा नाही, जवळपासही नाही. तरीही किनाऱ्यावरच्या दलदलीतून मातीचे नमुने कसे काढतात, हे बीडच्या वाचकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण त्या चिखलात आपल्या पठाराची माती आहे, आणि तिच्यावर काय बेतलं याची नोंदही तिथेच आहे.

१. डोंगरापासून खाडीपर्यंत

आधी वाट पाहू. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला. पाटोदा तालुक्यातच उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वेकडे निघते, लातूर, बिदर आणि तेलंगण असा मोठा वळसा घेते आणि शेवटी तीही गोदावरीतच येते. म्हणजे या जिल्ह्याच्या बहुतेक भागातली वाहती माती एकाच नदीच्या हवाली होते. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली ही नदी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला १९व्या शतकाच्या मध्यात आर्थर कॉटन यांनी बंधारा घातला. त्याच्या खाली नदी फुटते आणि त्रिभुज प्रदेश सुरू होतो. तिच्या गौतमी या शाखेच्या मुखाशी, काकीनाड्याच्या दक्षिणेला, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. १९७८ साली ते अभयारण्य झालं. नाशिकपासून आलेली माती समुद्रात शिरण्याआधी जिथे टेकते, त्या जागांपैकी ही एक.

२. दलदल माती धरून का ठेवते?

वेगाचं पाणी माती उचलतं, संथ पाणी ती खाली सोडतं. खारफुटीत पाणी संथ होतं, कारण तिथे मुळांचं रानच असतं. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वासमुळं पेन्सिलीएवढी जाड असतात आणि चिखलातून हजारोंनी वर आलेली असतात. भरतीचं गढूळ पाणी त्यांच्यात शिरलं की मंदावतं आणि गाळाचा पातळ थर टाकून ओहोटीला परत जातं. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं हेच चालतं.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. कायम पाण्याखाली असलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. आपल्या उन्हातान्हाच्या काळ्या रानात पालापाचोळा भराभर कुजतो आणि त्यातला कर्ब हवेत निघून जातो. दलदलीत कुजण्याची क्रिया रेंगाळते. पानं, मुळं, परागकण, कवचाचे सूक्ष्म जीव असं सगळं थराथरांत टिकून राहतं. हवा नसल्यामुळेच या चिखलाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, कारण तिथले जीवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. त्या वासाने नाक मुरडलं जातं, पण जुनं साहित्य टिकून राहिल्याचा तो पुरावा आहे.

३. टोपलीभर चिखल का चालत नाही?

शेतकऱ्याला माती परीक्षण ठाऊक असतं. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. तिथे मिसळणं हाच पद्धतीचा गाभा आहे, कारण आपल्याला अख्ख्या शेताची सरासरी हवी असते.

दलदलीत नेमकं उलटं करायचं असतं. कोणता थर खाली होता आणि कोणता वर, हीच तर माहिती. टोपलीत चिखल भरला की शंभर वर्षांपूर्वीचा गाळ आणि मागच्या आठवड्यातला गाळ एक झाला. मग कितीही महागडं यंत्र आणलं तरी ते दोन पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून मातीचा उभा, अखंड दांडा काढतात. शास्त्रज्ञ त्याला कोअर म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

मोंढ्यात अडत्या पोतं न उसवता टोकदार, पोकळ सळई खुपसून आतलं धान्य बाहेर काढतो आणि तळहातावर घेऊन पाहतो, ते आठवा. कोअर काढण्याची कल्पना तीच आहे. फरक एवढाच की अडत्याला दाणे कोणत्या क्रमाने आले याच्याशी देणंघेणं नसतं, इथे मात्र क्रमच सगळं काही.

४. हत्यारं

सगळ्यात साधं हत्यार म्हणजे प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा पाइप. खालची कड कानशीने घासून धारदार केलेली असते. तो हाताने दाबतात किंवा वर लाकूड ठेवून हातोड्याने हलके ठोकतात. मऊ चिखलात एक मीटरपर्यंत तो सहज जातो.

दुसरं हत्यार म्हणजे उभी अर्धी कापल्यासारखी, एका बाजूने उघडी असलेली पोलादी नळी. ती सरळ दाबायची, एक पूर्ण फिरकी द्यायची आणि उपसायची. उघड्या बाजूवरचा लडबडलेला चिखल सुरीने तासून काढला की थर स्वच्छ दिसतात. हिच्यात माती कमी दबते, हा मोठा फायदा. तिसरा प्रकार दट्ट्याच्या नळीचा. नळी खाली जाताना आतला दट्ट्या मातीच्या पृष्ठाशी स्थिर राहतो आणि त्याच्या ओढीमुळे माती न दबता आत चढते. खोल समुद्रात जहाजावरून हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात.

५. चिखलातलं काम

काम ओहोटीच्या वेळेवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती मोठी तशी ओहोटीही खोल असते, त्यामुळे जास्त जमीन उघडी पडते. पण पाणी परत येतं तेव्हा थांबत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक आणि खाडी ओळखणारा स्थानिक मच्छीमार, या दोघांशिवाय कुणी आत शिरू नये. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा वन विभागाची परवानगीही आधी घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०१२पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष हे काम पाहतो.

जागा निवडताना खेकड्यांची बिळं टाळायची. खेकडा खालची माती वर आणि वरची खाली करतो. म्हणजे टोपलीत मिसळण्याचं काम त्याने आधीच करून ठेवलेलं असतं. आपल्याच पायांनी तुडवलेली जागाही बाद.

आता पाइप उभा धरायचा, अगदी ओळंब्यात. तिरका गेला तर खोली खोटी निघते. सावकाश, एका दमात दाबायचा. ठरलेल्या खोलीला पोचला की उपसण्याआधी दोन मापं घ्यायची, आणि माझ्या मते साऱ्या कामाचा जीव या दोन मापांत आहे. पाइपाच्या वरच्या कडेपासून बाहेरची जमीन किती खाली आहे, हे पहिलं माप. त्याच कडेपासून पाइपाच्या आतला चिखल किती खाली आहे, हे दुसरं. दोन्ही मापं जवळजवळ कधीच सारखी येत नाहीत, कारण पाइप शिरताना मऊ चिखल आत दबतो.

हिशेब करून पाहू. पाइप १३० सेंटीमीटर लांब आहे. बाहेर ३० सेंटीमीटर उरला, म्हणजे जमिनीत १०० गेला. आतला चिखल मात्र वरच्या कडेपासून ५० सेंटीमीटर खाली आहे, म्हणजे आत ८० सेंटीमीटरचाच कोअर आहे. शंभराचे ऐंशी झाले. आता प्रयोगशाळेत कोअरमध्ये ४० सेंटीमीटरवर एखादा वाळूचा थर दिसला, तर तो जमिनीत खरा किती खोल होता? ४० भागिले ०.८, म्हणजे ५० सेंटीमीटर. ती दोन मापं जागेवरच घेतली नाहीत तर हा दहा सेंटीमीटरचा फरक नंतर कशानेही भरून निघत नाही. अर्थात सगळे थर सारखेच दबतात असं आपण इथे धरून चाललो. प्रत्यक्षात वरचा पातळ चिखल जास्त दबतो. म्हणूनच जाणकार मंडळी मुळात कमी दबेल असं हत्यार निवडण्यावर भर देतात.

मापं झाली की पाइपाचं वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करायचं. आत हवा शिरली नाही तर चिखल खाली सरकत नाही. मग ओढायचा. दलदल पाइप सहजासहजी सोडत नाही, कडेने हाताने चिखल उकरून वाट करून द्यावी लागते. खालचं तोंड जमिनीबाहेर येण्याआधीच एकाने त्याखाली तळवा धरायचा आणि लगेच टोपण बसवायचं. पाइपावर पक्क्या शाईने "वर" लिहून बाण काढायचा. जागा, तारीख, वेळ, दोन्ही मापं आणि कोअर काढणाऱ्याचं नाव वहीत तिथेच उतरवायचं, होडीत बसल्यावर नाही. नेताना पाइप उभाच ठेवायचा. आडवा केला तर वरचा पातळ थर सांडून जातो.

अर्धनळीत काढलेला ताजा कोअर पाहण्यासारखा असतो. अगदी वरचे काही मिलीमीटर तपकिरी, हवा लागलेले. त्याखाली काळपट राखाडी, बोट लावलं तर लोण्यासारखं. मध्येच तपकिरी मुळांचं जाळं, एखादी शिंपली, वादळाने आणून टाकलेल्या वाळूची बोटभर पट्टी. उघड्यावर राहिला तर काळा रंग बघता बघता फिका पडू लागतो, कारण त्यातल्या लोह-गंधकाच्या संयुगांना प्राणवायू लागतो. म्हणून फोटो लगेच काढतात आणि कोअर झाकून थंड जागी ठेवतात.

६. मातीत कर्ब किती?

प्रयोगशाळेत कोअरच्या चकत्या करतात. प्रत्येक चकतीचं आकारमान माहीत असतं. ती मंद आचेच्या भट्टीत वाळवून तोलतात. समजा, १०० घन सेंटीमीटरची ओली चकती वाळल्यावर ५० ग्रॅम भरली आणि तपासणीत तिच्यात ६ टक्के सेंद्रिय कर्ब निघाला. म्हणजे त्या चकतीत ३ ग्रॅम कर्ब. एक मीटर खोलीपर्यंत सगळीकडे असंच आहे असं धरलं, तर एक घनमीटर मातीत ३० किलो आणि एका हेक्टरमध्ये ३०० टन कर्ब होतो.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण खारफुटीच्या जमिनीसाठी ते अवास्तव नाहीत. आपल्या शेताच्या मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला की "कमी" असा शेरा येतो. खारफुटी तोडून तळी खोदली, चिखल उघडा पडला, की शतकांचा साठा काही वर्षांत हवेत जाऊ लागतो. जगभर दलदलीतून कोअर काढण्याची धडपड वाढली ती मुख्यतः या हिशेबासाठी.

७. थराचं वय

खोली कळली, पण वर्ष कसं कळणार? त्यासाठी तीन घड्याळं वापरतात.

पहिलं शिशाचं. जमिनीतून रेडॉन वायू सतत हवेत येतो. त्यातून शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार तयार होतो, पावसाबरोबर खाली पडतो आणि गाळात अडकतो. सुमारे २२ वर्षांत तो निम्मा उरतो. दुसरं घड्याळ माणसाने नकळत लावलं. उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे सीझियम जगभर पसरलं आणि १९६३च्या सुमारास ते सर्वाधिक पडलं. ज्या थरात सीझियम सर्वांत जास्त, तो थर त्या वर्षाच्या आसपासचा.

दोन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात. समजा, २०२३ साली काढलेल्या कोअरमध्ये शिशाचं प्रमाण पृष्ठाशी ८०, ११ सेंटीमीटरवर ४० आणि २२ सेंटीमीटरवर २० निघालं. दर ११ सेंटीमीटरला निम्मं, म्हणजे २२ वर्षांत ११ सेंटीमीटर गाळ, वर्षाला अर्धा सेंटीमीटर. सीझियमचं शिखर ३० सेंटीमीटरवर सापडलं, तर ६० वर्षांत ३० सेंटीमीटर, पुन्हा वर्षाला अर्धाच. दोन स्वतंत्र घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिशाचं घड्याळ शंभर-दीडशे वर्षांपलीकडे चालत नाही. त्याहून जुन्या थरांसाठी पानं, लाकूड, शिंपल्यांमधला किरणोत्सारी कर्ब मोजतात. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो आणि सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत मागे नेतो.

८. ही माती आपलीच, हे कशावरून?

इथे मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट सांगायची आहे.

गोदावरीचं वरचं खोरं काळ्या पाषाणाचं, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. खालच्या खोऱ्यातले, पूर्व घाटाकडचे खडक याहून कितीतरी जुने. निओडिमियम नावाचं मूलद्रव्य सगळ्याच खडकांत थोडंसं असतं, पण त्याच्या दोन प्रकारांचं आपसातलं प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. खडकाची माती झाली, माती हजार किलोमीटर वाहून गेली, तरी ते प्रमाण जवळजवळ तसंच राहतं. शिवाय काळ्या रानाची खास चिकणमाती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तीही ओळखू येते. पाटोद्याचा कण वेगळा आणि सिन्नरचा वेगळा, इतकं बारीक सांगता येत नाही. पण दख्खनच्या पठाराची माती किती आणि खालच्या खोऱ्याची किती, एवढं नक्की सांगता येतं.

२००६ साली भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत 'जॉइडस रिझोल्यूशन' या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर सव्वा किलोमीटरहून खोल पाण्यात समुद्रतळातून कोअर काढले. शोध इंधनाचा होता, पण त्यातल्या एका कोअरच्या सुमारे साडेआठ मीटर लांबीत गेल्या ११ हजार वर्षांचा गाळ ओळीने मिळाला. सरासरी काढली तर वर्षाला मिलीमीटरलाही कमी. पण या गोष्टीतलं महत्त्वाचं ते सरासरीत लपून जातं.

कॅमिलो पाँटन, लिवियू जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या कोअरमधल्या पानांवरच्या मेणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाडांच्या पानांवरचं मेण आणि कोरड्या हवेत तग धरणाऱ्या गवतांचं मेण यांतला कर्ब वेगळा ओळखू येतो. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरडेपणा मानवणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, म्हणजे पाऊसमान घटत गेलं. लोणारच्या सरोवरातून २००८ साली काढलेल्या सुमारे १० मीटरच्या कोअरनेही दोन लांबलचक कोरडे काळ दाखवले आहेत. पहिला साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

पाऊस कमी झाला तर धूप कमी व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात उलटं निघालं. पाऊस घटत गेल्यावर पठारावरून समुद्रात जाणारी माती वाढली. कारण बीडच्या माणसाला पटकन पटेल. अवर्षणात झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते, आणि पाऊस येतो तो चार दिवसांत कोसळून जातो. त्या उघड्या मातीला धरून ठेवायला मुळं नसतात. पुढे शेती पसरली आणि लोखंडाच्या अवजारांच्या काळात ती आणखी वाढली, तशी धूपही. प्रवरेकाठचं दायमाबाद, गोदेकाठचं प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, या साऱ्या वस्त्यांची नांगरट त्या कोअरच्या वरच्या थरांत मिसळली आहे.

९. आता माती अडते कुठे?

१९७६ साली पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं. माजलगाव, मांजरा, बिंदुसरा आणि असंख्य पाझर तलाव झाले. गोदावरीच्या साऱ्या खोऱ्यात असंच झालं. त्यामुळे समुद्रापर्यंत पोचणारा गाळ १९७०च्या दशकाच्या तुलनेत १९९०च्या दशकातच निम्म्याहून खाली आला, आणि त्रिभुज प्रदेशाची किनारपट्टी ठिकठिकाणी झिजू लागली. बीडची माती आता बरीचशी बीडच्याच तलावांत बसते. म्हणजे जी नोंद पूर्वी कोरिंगाच्या चिखलात आणि समुद्राच्या तळाशी होत असे, ती गेली पन्नास वर्षं आपल्या गावच्या तलावात होते आहे.

२०१७पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत हे तलाव उन्हाळ्यात उपसले जातात आणि गाळ पुन्हा शेतांवर जातो. ते काम चांगलंच आहे, व्हायलाच हवं. माझी विनंती एवढीच की जेसीबी तलावात उतरण्याआधी, गावच्या शाळेने किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाने त्याच तलावातून एक कोअर काढावा. चिखल पाय पेलेल इतका आळला असावा आणि सोबत तळ ओळखणारा माणूस असावा. एक पाइप, दोन टोपणं, मोजपट्टी आणि वही एवढं पुरतं. खालचा मुरूम लागेपर्यंत पाइप न्यावा, आतलं आणि बाहेरचं माप लिहावं, गाळाची खरी जाडी काढावी आणि तलाव बांधल्याला जितकी वर्षं झाली तितक्याने भागावी. आपल्या शिवारातून वर्षाला किती माती जाते, याचा ढोबळ अंदाज त्या एका दुपारी गावाच्या हाती येईल. गाळ उपसून झाल्यावर तो मिळणार नाही.